जुन्या विनोदी मालिकांतले छुपे फिल्मी संदर्भ: पोस्टर बघू नका, कान द्या

सातरस्ता (धागाकर्ता)

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी जुन्या मालिकेतला एक थांबवलेला फोटो टाकतं. भिंतीवरच्या कॅलेंडरभोवती लाल गोल आणि खाली "बघा, दिग्दर्शकाने काय लपवलंय!" बहुतेक वेळा तिथे काहीही लपवलेलं नसतं. कलादिग्दर्शकाच्या माणसाने बाजारातून आणलेलं कॅलेंडर असतं ते.

मालिका लिहिणाऱ्यासमोर प्रेक्षक कोण होता ते आधी बघा. १९८४ ते १९९५ चा काळ, वीस इंची पडदा, अनेक घरांत कृष्णधवल, छतावरच्या अँटेनातून येणारं मुंग्यांचं चित्र आणि एकदाच होणारं प्रक्षेपण. चित्र थांबवायची सोय नाही. अशा प्रेक्षकासाठी भिंतीवरच्या बारीक अक्षरांत विनोद पेरणं म्हणजे पेरणी वाया. म्हणून त्या काळचा संदर्भ कानाला सापडेल असा रचलेला असतो: संवादाची फेक, पार्श्वसंगीतातले चार-सहा सूर, पात्राचं नाव. चौथी जागा म्हणजे नट स्वतः, त्याची आधीची भूमिका लोकांच्या डोक्यात असतेच.

'शोले' १९७५ चा. त्याचे संवाद पॉलिडॉर कंपनीने एलपीवर (ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीवर) काढले आणि ते लाऊडस्पीकरवरून गल्लोगल्ली वाजले. चित्र न बघता संवाद पाठ असलेला प्रेक्षक असा तयार झाला. विनोदी मालिकांना हा आयता माल मिळाला. गब्बरचं नाव घ्यायची गरजच नव्हती, वाक्याचा ताल पुरे होता.

आता सगळ्यात पक्की साखळी. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो'मध्ये (१९८३) दोन फोटोग्राफर बागेत फोटो काढतात आणि फोटो मोठा केल्यावर त्यात खून दिसतो. बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. मायकेलअँजेलो अँटोनिओनी यांच्या 'ब्लो-अप'मध्ये (१९६६) हेच घडतं. त्या दोघांची नावं विनोद आणि सुधीर, कारण विधू विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा या सिनेमाच्या चमूत होते. आणि त्यांचा परवलीचा शब्द काय, तर "अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है". सईद मिर्झा यांच्या त्या नावाच्या सिनेमात (१९८०) अल्बर्ट पिंटो झाले होते नसीरुद्दीन शाह, आणि इथे विनोदही तेच. म्हणजे नट स्वतःच्याच जुन्या सिनेमाचं नाव परवली म्हणून उच्चारतोय.

हा सिनेमा आहे, मालिका नाही, हे माहीत आहे. पण याच कुंदन शाहांनी १९८४ मध्ये 'ये जो है जिंदगी' केली (लेखन शरद जोशी, शीर्षकगीत किशोरकुमारचं), आणि १९८६ मध्ये सईद मिर्झांबरोबर 'नुक्कड'. हात तेच, खोडी तीच. 'जाने भी दो यारो'मध्ये सतीश शाह निम्मा सिनेमा प्रेत होऊन पडलेले, पापणी न हलवता. पुढच्याच वर्षी 'ये जो है जिंदगी'त तेच सतीश शाह दर भागात नवं पात्र घेऊन येतात. ज्याने प्रेत बघितलंय त्याला ही गंमत दुप्पट लागते. नटावरचा संदर्भ म्हणजे हे.

धाग्यावर उदाहरणं टाका. नुसतं "आठवतंय" नको. मालिका, भागाची गोष्ट, कितव्या मिनिटाला, आणि मूळ कलाकृती वर्षासकट.

---

पूर्वभागकर

सोलापूरकरांच्या हक्काचं एक उदाहरण. 'हम पांच' (झी, १९९५). अशोक सराफ, पाच मुली, भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी पहिली बायको. नावाच्या मागे एक सिनेमा आहे हे सगळे सांगतात: 'हम पांच' (१९८०), संजीवकुमार, शबाना, मिथुन, अमरीश पुरी. पण साखळी तिथे संपत नाही. तो सिनेमा बापू यांचा, आणि त्यांच्याच तेलुगू 'मन ऊरि पांडवुलु' (१९७८) वरून केलेला. तेलुगू सिनेमा परत पुट्टण्ण कणगाल यांच्या कन्नड 'पडुवारहळ्ळी पांडवरु' (१९७८) वरून. दोन्ही नावांत पांडव उघड बसलेत. हिंदीत येताना पांडव गळले आणि 'पांच' उरले.

आता मालिका बघा. पाच पांडवांच्या जागी पाच मुली, आणि गदेच्या जागी त्यातल्या टपोरी मुलीची, काजलभाईची दादागिरी. कन्नड आणि तेलुगू दोन्ही कानांवर पडणाऱ्या आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात हे जितक्या लवकर कळेल तितकं पुण्यात कळणार नाही. (पुणेकरांनी रागावू नये.)

तसबिरीतल्या बायकोचंही तेच. त्या प्रिया तेंडुलकर. १९८५ च्या 'रजनी'त दर रविवारी कोणाला ना कोणाला जाब विचारणारी बाई त्यांनीच घराघरांत नेली. दहा वर्षांनी तीच बाई भिंतीवरून नवऱ्याला जाब विचारते. संवादात 'रजनी' हा शब्द लागतच नाही.

---

कडकभाकरी

काय बे सातरस्ता, डोळ्यांना अगदीच सुट्टी दिलीस की! 'फ्लॉप शो' (१९८९) विसरलास. जसपाल भट्टींनी श्रेयनामावलीतच विनोद ठेवले होते, दिग्दर्शनाच्या जागी 'मिसडायरेक्शन'. ते डोळ्यांनीच वाचायचं आहे. तुझा नियम तिथे मोडला.

---

सातरस्ता

मोडला नाही, उलट घट्ट झाला. श्रेयनामावलीची अक्षरं मोठी, पडद्याच्या मध्यावर, वाचायला पुरेसा वेळ देऊन. वीस इंची पडद्यावरही वाचता येतील अशी. दिग्दर्शकाला जे दाखवायचं होतं ते त्याने ठणठणीत दाखवलं. आणि त्याच 'फ्लॉप शो'च्या भागाच्या शेवटी हिंदी गाण्याचं विडंबन असायचं, ते परत कानाचंच काम. चाल ओळखली तर शब्दांतला खवटपणा लागतो.

---

बेल्टवाला

यूट्यूबवरच्या प्रतीवरून निष्कर्ष काढणाऱ्यांसाठी तांत्रिक बाजू लिहितो, नाहीतर पुढचे शंभर प्रतिसाद भूत बघण्यात जातील.

आपल्याकडचं तेव्हाचं प्रक्षेपण पाल पद्धतीचं: ५७६ दृश्य ओळी, सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांचं, चौकट ४:३. घरच्या व्हीएचएस कॅसेटवर आडवी स्पष्टता साधारण २४० ओळींवर येते. म्हणजे भिंतीवरच्या पोस्टरवरची अक्षरं कॅसेटमध्ये मुळात उतरलेलीच नाहीत. हल्ली लोक 'एआय अपस्केल' करून अक्षरं काढतात. ती अक्षरं यंत्राने बनवलेली असतात, पोस्टरवरची नाहीत. असा फोटो पुरावा म्हणून टाकू नका.

दुसरी भानगड चौकटीची. ४:३ चा भाग १६:९ करताना वरखाली कापतात. ५७६ पैकी ४३२ ओळी उरतात, १४४ जातात. मधोमध कापलं तर वरच्या ७२ आणि खालच्या ७२. नावांच्या पट्ट्या खाली असतात, त्या पहिल्या उडतात. कोणी न कापता नुसतं ताणलं असेल तर माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. गोल घड्याळ किंवा ताटली बघा, लंबगोल दिसली की समजा.

तिसरी भानगड उलट्या बाजूची. जुन्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्राच्या कडा झाकायचा, प्रत्येक बाजूला सुमारे ५ टक्के. छायाचित्रकार हे धरूनच चौकट बांधायचा. आता संगणकावर पूर्ण चौकट दिसते आणि कडेला माइक, सेटची कड, अर्धं पोस्टर दिसू लागतं. त्या ५ टक्क्यांत सापडलेली कुठलीही गोष्ट प्रेक्षकासाठी नव्हती. संदर्भ म्हणून मोजू नका.

चित्र पुढे सरकवायला: यूट्यूब थांबवून कळफलकावरच्या पूर्णविरामाने एक चित्र पुढे, स्वल्पविरामाने एक मागे. व्हीएलसीत 'ई' दाबून एकेक पुढे, मागे जाता येत नाही. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसत असतील तर व्हीएलसीत 'डी' दाबून डीइंटरलेस (दोन अर्धे भाग जुळवणं) चालू करा.

---

विजापूरवेस

घरात कॅसेटी पडून आहेत, टीव्हीवरून भरलेल्या. लेबलावर फक्त "टीव्ही - शुक्रवार". डिजिटल करायच्या तर कुठून सुरुवात? पोटमाळा पत्र्याचा आहे.

---

बेल्टवाला

पत्र्याखालच्या कॅसेटी सोलापूरच्या मे महिन्यात भाजून निघालेल्या असणार. कॅसेट काढून लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. थंड कोरड्या खोलीत एक दिवस उभ्या ठेवा, आडव्या नको. मग खिडकीतून रिळाच्या कडा बघा.

पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातली की हेडवर बुरशी बसते आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब होते. ती बाजूला ठेवा, वेगळ्या टाकाऊ यंत्रावर साफ करून घ्या. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून बुरशी किनाऱ्यापेक्षा कमी, पण धूळ भरपूर. फीत कडक होऊन कडा वाकलेल्या आढळतात. कडा वाकल्या की आवाज पहिला जातो, कारण साध्या आवाजाचा पट्टा फितीच्या कडेलाच असतो. संदर्भ कानाने शोधायचे तर ही मुख्य अडचण.

बुरशी नसेल तर आधी शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवा, मधे न थांबता. ताण सारखा होतो. फिरताना कुरकुर आली किंवा वेग मंदावला तर थांबा, जोर करू नका.

व्हीसीआरचा बेल्ट आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) हाताने तपासा. रोलरचं रबर चकचकीत कडक झालं असेल तर फीत घसरते आणि गाण्याचा सूर डुलतो. बेल्ट ढिला पडला की गुंडाळणं नीट होत नाही आणि यंत्र फीत खातं. जुनी यंत्रं मोडून सुटे भाग विकणाऱ्याकडे दोन्ही मिळतात. मॉडेल नंबर नेण्यापेक्षा जुना बेल्टच सोबत न्या, घेर जुळवता येतो.

हेड साफ करणं: प्लग काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामवा चामड्याची काडी. कापसाचा बोळा वापरू नका, धागे हेडमध्ये अडकतात. जखमेवर लावायचं ७० टक्क्यांचं चालत नाही, त्यात पाणी असतं. ओली काडी ड्रमला चिकटवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून आडवा फिरवा. काडी वरखाली घासली की हेड तुटलं.

मग जोडणी. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, यूएसबी कॅप्चर डबीतून संगणकाला. मांडणी पाल, ७२०×५७६, २५ चित्रं, आवाज ४८ किलोहर्ट्झ. चुकून एनटीएससी (अमेरिकी पद्धत) निवडलं तर चित्र फाटतं किंवा काळंपांढरं येतं आणि लोक कॅसेटला दोष देतात. डीव्ही स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी. ई-१८० कॅसेट म्हणजे ३ तास, ३९ जीबी. ती फाइल तशीच जपा, लहान एमपी४ तिच्यावरून करा. उलटं करता येत नाही.

चित्राच्या तळाला ६-८ ओळींचा थरथरता पट्टा दिसेल. व्हीएचएसमध्ये तो असतोच, दोष नाही. काळ्या पट्टीने झाका, कापू नका.

आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडत असेल तर चित्रं गळतायत. खराब फितीवर यंत्राची वेळ डळमळते आणि डबीला ती झेपत नाही. टाइम बेस करेक्टर (ही वेळ सरळ करणारी सोय) असलेला व्हीसीआर किंवा मधे जोडायचा डबा मिळाला तर ठीक, नाहीतर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घ्या.

---

विजापूरवेस

चित्र येतंय पण बोलणं घोगरं. "स" आणि "श" कळतच नाही.

---

बेल्टवाला

एलपी मोडवर, म्हणजे निम्म्या वेगाने, भरली असणार. एसपीत (नेहमीच्या वेगात) फीत सेकंदाला २.३३९ सेंटिमीटर सरकते, एलपीत १.१७. वेग निम्मा झाला की वरचे सूर आधी जातात, आणि "स", "श", "च" तिथेच राहतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सहा तास बसवायला लोक एलपी लावायचे. गेलेलं परत येत नाही. आवाजाच्या हेडचा कोन त्या कॅसेटला जुळवून थोडा फरक पडतो, पण तो स्क्रू फिरवण्याआधी मूळ जागी खूण करून ठेवा.

---

हुतात्माबाग

माझा प्रश्न गाण्यांबद्दल. मालिकेच्या पार्श्वभूमीला एक धून वाजते, ओळखीची वाटते, पण गाणं ओळखणारं ॲप काहीच सांगत नाही. मग ती मूळ धूनच असते का?

---

चादरवाला

तीन शक्यता, याच क्रमाने तपासा.

पहिली: फितीचा वेग. रिळावरचा सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पालमध्ये तो २५ ने चालवतात. वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त, सूर सुमारे ०.७ सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर) वर. टीव्हीवर लागलेल्या सिनेमातून उचललेलं गाणं म्हणून रेकॉर्डपेक्षा चढं ऐकू येतं. रेकॉर्डवरून थेट वाजवलं असेल तर हा फरक नसतो.

दुसरी: अपलोड करणाऱ्याने मुद्दाम सूर हलवलेला. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीची स्वयंचलित पकड चुकवायला लोक अर्धा-एक सेमीटोन वर-खाली करतात. ओळखायचं कसं? माणसांचे आवाजही बारीक किंवा जाड झालेले असतात. अशोक सराफांचा आवाज आपल्या कानांत पक्का बसलेला आहे, तो बिघडला की लगेच कळतं.

ऑडॅसिटीत तो तुकडा उघडा, 'चेंज पिच' घ्या, −०.७ पासून सुरू करून ०.१ ने सरकत जा. माणसाचा आवाज नैसर्गिक झाला की थांबा आणि मगच ॲपला ऐकवा. वेग आणि सूर दोन्ही चढे असतील तर 'चेंज स्पीड' घ्या, 'चेंज पिच' नको.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी निघते: धून मुळात ते गाणं नाहीच. हक्काचे पैसे वाचवायला संगीतकार चाल ओळखू येईल इतकीच ठेवून दोन-तीन सूर बदलतात. सिंथेसायझरवर, ताल वेगळा. ॲप रेकॉर्डिंग जुळवतं, चाल नाही, म्हणून ते गप्प बसतं. इथे पेटीवर बसा, सूर लिहून काढा आणि मूळ मुखड्याशी ताडून बघा. एखाद्या पेटीवादकाला ऐकवलं तर मिनिटात सांगेल.

आणखी एक. ऑनलाइन प्रतीत मधेच आवाज बंद पडतो किंवा भलतंच संगीत येतं. गाण्याच्या हक्कावरून तेवढा तुकडा काढलेला असतो. म्हणजे संदर्भ होता तीच जागा पुसलेली. "या भागात काही नाही" म्हणण्याआधी ही पोकळी आहे का ते बघा.

---

हुतात्माबाग

−०.६ ला आवाज सरळ झाला, ॲप तरी गप्पच. तिसरी शक्यता दिसतेय. पेटीवर घेतो.

---

कडकभाकरी

आता माझा एक. 'जबान संभाल के' (१९९३). ब्रिटिश 'माइंड युअर लँग्वेज'वरून (१९७७) घेतलेली हे जगजाहीर. तिकडे लंडनमध्ये परदेशी लोक इंग्रजी शिकतात, इकडे पंकज कपूर सगळ्यांना हिंदी शिकवतात. पण वर्गात टॉम ऑल्टरच्या पात्राचं नाव बघा: चार्ल्स स्पेन्सर्स. चॅप्लिनचं पूर्ण नाव चार्ल्स स्पेन्सर चॅप्लिन! बघ बे, कानानेच सापडलं.

---

पूर्वभागकर

नाव जुळतं हे खरं. पण १९९३ मध्ये स्पेन्सर हे नाव ऐकल्यावर आधी डायना आठवायची. तिचं माहेर स्पेन्सर आणि भावाचं नाव चार्ल्स. टॉम ऑल्टरचं पात्र ब्रिटिश, साहेबी. त्यात चॅप्लिनची चाल, टोपी, काठी, पडणं यातलं काही आहे का? नसेल तर नावाची हाक आहे पण उत्तर नाही. 'अँटोनिओनी पार्क'मध्ये नाव होतं आणि घटनाही तीच होती. हा फरक धरून चला.

---

कडकभाकरी

बरं, मग त्याच वर्गातले विजू खोटे. पात्र विठ्ठल बापूराव पोटे. 'पठ्ठे बापूराव' ऐकू येत नाही का तुम्हाला?

---

सातरस्ता

ऐकू येतं, पण 'खोटे'चं 'पोटे' केलंय हे आधी ऐकू येतं. नटाच्या आडनावावरचा सरळ श्लेष. पठ्ठे बापूरावांवर नेण्यासाठी त्या पात्राने कुठेतरी लावणीची ओळ, ढोलकीचा ठेका, फडाची भाषा यातलं एक तरी दाखवायला हवं. विजू खोट्यांचा खरा छुपा माल नावाबाहेर आहे. एक, ते 'शोले'तले कालिया, म्हणून ते घाबरून उभे राहिले की निम्म्या प्रेक्षकांना "सरदार, मैंने आपका नमक खाया है" आठवतं. दोन, मालिकेतल्या बाई म्हणजे शुभा खोटे, त्यांची सख्खी बहीण. प्रौढ भाऊ वर्गात आणि बहीण अधिकाराच्या खुर्चीत, ही घरातली गंमत माहीत असणाऱ्यालाच कळते.

---

चादरवाला

तारखेची चाळणी कोणी लावत नाही म्हणून लिहितो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्दय तपासणी तीच आहे.

'मिस्टर इंडिया' मे १९८७ चा. 'नुक्कड'च्या १९८६ मधल्या भागात कोणी खलनायकी थाटात "खुश हुआ" म्हणालं असेल तर तो मोगॅम्बो असूच शकत नाही. 'बाजीगर' नोव्हेंबर १९९३, 'हम आपके हैं कौन' ऑगस्ट १९९४, 'दिलवाले दुल्हनिया' ऑक्टोबर १९९५. 'श्रीमान श्रीमती' १९९४ ला सुरू झाली, पुढे काही वर्षं चालली. म्हणून तिच्या एखाद्या भागात 'दिलवाले'तली मेंडोलिनची ती ओळखीची धून सापडली तर आधी तो भाग कधीचा ते काढा. (नाव म्हणाल तर 'श्रीमान श्रीमती' हा १९८२ चा सिनेमाही आहे, संजीवकुमार-राखीचा. शीर्षक उसनं घ्यायची तेव्हा चालच होती.)

भागाची तारीख काढायला वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली मागा आणि त्यातलं दूरदर्शनच्या कार्यक्रमांचं सदर बघा. सिनेमाची तारीख मात्र मुंबईची धरा. सोलापुरात तेव्हा बरेच सिनेमे उशिरा यायचे. भागवत किंवा मीना टॉकीजची जाहिरात बघून "सिनेमा तर नंतर आला" म्हणाल तर फसाल, कारण लिहिणारा मुंबईत बसलेला होता.

पुनःप्रक्षेपणाचं पार्श्वसंगीत बदललेलं असू शकतं. चित्र १९९४ चं आणि धून पाच वर्षांनंतरची, असं होतं. दोन वेगळ्या प्रती मिळाल्याशिवाय धुनीवर दावा करू नका.

---

हुतात्माबाग

हसण्याच्या आवाजावरून काही कळतं का?

---

चादरवाला

कळतं, एका दिशेने. मागचं हसणं संकलनात टाकतात. साध्या वाटणाऱ्या वाक्यावर मोठं हसणं आलं, तर करणाऱ्यांना तिथे विनोद दिसत होता. तो कुठला, ते शोधा. हसणं नाही म्हणून संदर्भ नाही, असं उलटं मात्र म्हणता येत नाही. आणि हसण्याखाली पुढचा शब्द दबलेला असतो, हेडफोनशिवाय ऐकू नका.

---

विजापूरवेस

मराठीचं काय? सगळं हिंदीच चाललंय.

---

पूर्वभागकर

मराठीत गंमत वेगळ्या जातीची आहे, कारण विनोदाचं मूळ सिनेमापेक्षा पुस्तकात आणि रंगमंचावर जास्त. मुंबई दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, हे चि. वि. जोशींचे. पण पडद्यावर ते पहिल्यांदा आले नव्हते. मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावं करून'मध्ये (१९४०) दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ होते, १९४२ च्या 'सरकारी पाहुणे'तही तीच जोडी. ज्यांनी मालवणकर बघितले होते त्यांना प्रभावळकरांचा बावळट सज्जनपणा त्या मापाने मोजता आला. पुढे २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली, प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून, तोपर्यंत चिमणराव हाच त्यांचा मागचा संदर्भ झाला होता. आबा डायरी लिहायला बसले की घरातल्या गोंधळाची तिरकस नोंद घेणारा तो जुना मध्यमवर्गीय आवाज ओळखू येतो.

'वागले की दुनिया'ही (१९८८) इथेच बसते. मुळात आर. के. लक्ष्मण. त्यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस कधीच बोलत नाही, वागले मात्र बोलतो, कुढतो, बायकोशी वाद घालतो. गप्प माणसाला तोंड फुटलं तर काय, हाच त्या मालिकेचा संदर्भ. दिग्दर्शक परत कुंदन शाह. आणि त्यात एका भागात छोट्या भूमिकेत शाहरुख खान आहे. पण त्याला संदर्भ म्हणू नका, तेव्हा तो कोणीच नव्हता.

---

कडकभाकरी

हा मुद्दा लई भारी. नंतर मोठा झालेला नट आधीच्या मालिकेत दिसणं याला लोक सर्रास 'छुपा संदर्भ' म्हणतात.

---

सातरस्ता

संदर्भ मागे बघतो, पुढे नाही. तिकडचं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या 'न्यूहार्ट'च्या शेवटच्या भागात (मे १९९०) नायक जागा होतो तो थेट त्याच नटाच्या आधीच्या मालिकेतल्या शयनगृहात, शेजारी तिथली बायको, सुझान प्लेशेट. आठ वर्षांची मालिका म्हणजे एक स्वप्न. पलंग ओळखू आला तरच विनोद. म्हणजे डोळ्याचा संदर्भ, पण त्यांनी तो पडद्याच्या मधोमध, उजेडात, पूर्ण दृश्यभर ठेवला.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं म्हणजे सतीश शाह आणि रत्ना पाठक. झीच्या सुरुवातीच्या काळात 'फिल्मी चक्कर'मध्ये ही जोडी सिनेमावेड्या मध्यमवर्गीय घरात होती. २००४ मध्ये तीच जोडी 'साराभाई व्हर्सेस साराभाई'त उंची इमारतीत, आणि रत्ना पाठक तोंड वाकडं करून "मिडल क्लास" म्हणतात. पहिली मालिका पाहिलेल्याला ते वाकडं तोंड स्वतःच्याच जुन्या भूमिकेकडे वळलेलं दिसतं. शीर्षकाचा साचा 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'चा (१९७९), तो वेगळा.

---

विजापूरवेस

"टीव्ही - शुक्रवार" कॅसेटमधून 'ये जो है जिंदगी'चा एक भाग निघाला. मधे दोन मिनिटं बातम्यांची धून, मग "रुकावट के लिए खेद है"ची पाटी. तेवढं कापून टाकू का?

---

चादरवाला

मुळीच नाही! तारीख ठरवायला त्याच दोन मिनिटांचा उपयोग. जाहिराती, बातमीचे मथळे, निवेदिकेने सांगितलेला पुढचा कार्यक्रम, सगळं मूळ फाइलीत राहू द्या. मथळ्यातला एखादा सामना किंवा निवडणूक सापडली की वर्तमानपत्राच्या फाइलीत तो दिवस काढता येतो. आधी ती धून दहा सेकंद इथे टाका, आवाजाचा वेग बरोबर आहे का ते तिच्यावरूनच तपासू. बातम्यांची धून सगळ्यांना पाठ आहे.

---

बेल्टवाला

आणि कॅसेटच्या मागची प्लॅस्टिकची चीप आजच मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही भरलं जाणार नाही.